पत्र्यावरचा पोचा: काढावा कसा आणि काढावा का

पुण्यात तो दुचाकीच्या हँडलने येतो, मुंबईत शेजारच्या गाडीच्या दाराने आणि कोकणात झाडावरून सुटलेल्या नारळाने. सोसायटीच्या पार्किंगमधला खांब तर सगळ्या गावांत सारखाच. मोटारीच्या पत्र्यावरच्या लहानशा पोच्याने गाडी चालवायला काही अडत नाही, पण मालकाला तो रोज सकाळी दिसतो आणि रोज सलतो. मग गॅरेज गाठलं जातं. तिथे उत्तर ठरलेलं असतं: "डेंटिंग-पेंटिंग करून टाकू साहेब, कळणारसुद्धा नाही." पोचा काढण्याचे जेवढे मार्ग आज आपल्याकडे उपलब्ध आहेत, त्यांतला हा सर्वांत रुळलेला आणि माझ्या मते बहुतेक वेळा सर्वांत महागात पडणारा. महाग म्हणजे बिलात नव्हे; तिथे तो स्वस्तच दिसतो.

आधी पत्र्याविषयी. आजच्या गाडीच्या दाराचा किंवा बॉनेटचा बाहेरचा पत्रा साधारण ०.६५ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटवर बसून फोटो काढलेल्या पिढीला हे पटत नाही. "अंगठ्याने दाबलं तरी दार आत जातं, असली कसली गाडी!" ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दार दबतं हे खरं. त्यावरून गाडी कमकुवत ठरवणं मात्र चूक आहे. अपघातात माणसाला सांभाळतात ते खांब, छताची आणि तळाची चौकट, दाराच्या पोटातली आडवी दांडी. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या अपघात-सुरक्षेच्या चाचणीत गाडीला तारे मिळतात तेही या सांगाड्याच्या आणि एअरबॅग-पट्ट्यांच्या जोरावर. बाहेरचा पत्रा हे मुख्यतः आवरण आहे.

अंगठ्याखाली पत्रा दबणं आणि त्याला कायमचा पोचा पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दबणं हे जाडीवर आणि आकारावर अवलंबून असतं. दाब काढल्यावर पत्रा परत येतो की नाही, हे ठरतं त्या पोलादाच्या ताकदीवर. म्हणून गाड्या हलक्या करताना कारखान्यांनी पत्रा पातळ केला, पण पोलाद बदललं. बाहेरच्या भागांसाठी वापरलं जाणारं एक पोलाद तर साच्यातून निघताना मऊ असतं, म्हणजे त्याला हवा तो बाक सहज देता येतो. मग रंगाच्या भट्टीत सुमारे १७० अंश सेल्सिअसला वीसेक मिनिटं भाजलं गेलं की त्याची ताकद साधारण ३० ते ४० मेगापास्कलने वाढते. रंग वाळवणारी भट्टी पत्राही टणक करते, ही मोटार बनवण्यातली मला सर्वांत आवडणारी काटकसर आहे.

आता पोचा. धक्का बसतो तेव्हा मध्यभागी पत्रा खोल जातो आणि त्याच्याभोवती एक बारीक उंचवटा उठतो. नुसत्या डोळ्यांना खड्डा दिसतो, उंचवटा दिसत नाही. बोटं फिरवली तर कळतो. गंमत अशी की खड्ड्याचा पुष्कळसा भाग परत वर यायला तयारच असतो. त्याला अडवून धरतो तो हा उंचवटा, कारण तिथला पत्रा कायमचा वाकलेला असतो. आधी उंचवटा बसवायचा, मग मधला भाग वर येतो. कुशल डेंटर हे हातानेच ओळखतो. अकुशल माणूस खड्ड्याच्या बरोबर मधोमध ठोकत सुटतो, पत्रा ताणला जातो, त्याचं क्षेत्रफळ वाढतं, आणि वाढलेला पत्रा जागेत मावत नाही म्हणून 'टकटक' करत आतबाहेर होऊ लागतो. मग गॅसने ठिपक्याएवढी जागा तापवून ओलं फडकं मारून तो आवळावा लागतो. एका पोच्याची दोन दुखणी होतात ती अशी.

जुन्या पद्धतीच्या कामात खरं कसब होतं, हे आधी मान्य केलं पाहिजे. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पत्र्यामागे धरलेली लोखंडी डॉली, आणि बाक जुळेपर्यंत हलके ठोके. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठाराचे ठोके मारणारा कारागीर आणि चांगला डेंटर यांची नाळ एकच आहे: दोघेही नजरेपेक्षा हाताच्या स्पर्शावर आणि ठोक्याच्या आवाजावर जास्त विसंबतात. पूर्वी उरलेला खोलगट भाग शिशाच्या मिश्रधातूने भरत. ते काम अवघड होतं, विषारी होतं, म्हणून डेंटर शक्यतो पत्राच सरळ करत असे. १९५०च्या दशकात पॉलिएस्टर राळ आणि शंखजिऱ्याची भुकटी यांची पुट्टी बाजारात आली. हार्डनर मिसळला की काही मिनिटांत ती दगडासारखी होते, घासता येते, कोणताही आकार घेते. पुट्टी आली आणि हळूहळू हातोडीचं काम मागे पडलं. खड्डा निम्मा वर आला तरी पुरे. बाकीचं पुट्टी बघून घेईल!

पुट्टी वाईट नाही. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत, स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर, योग्य प्रमाणात हार्डनर घालून भरलेली पुट्टी वर्षानुवर्षं टिकते. गोंधळ जाडीचा आहे. सहा-आठ मिलिमीटर जाड थर पत्र्याबरोबर फुगत-आकसत नाही. त्यात दार दिवसातून दहा वेळा आपटलं जातं. वर्ष-दोन वर्षांत कडेने बारीक चीर दिसू लागते. दुसरा दोष आपल्या गॅरेजांच्या सवयीतला आहे. पुट्टी घासताना धूळ उडू नये म्हणून वॉटर पेपर पाण्यात बुडवून मारतात. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते. ते पाणी पुरतं वाळायच्या आत वर प्राइमर चढला की ओल आत अडकते आणि पावसाळा संपता संपता रंगाला फोड येतात. पुट्टी कोरडीच घासायची असते. गॅरेजातली ही एक सवय बदलली तरी निम्म्या तक्रारी कमी होतील असं मला वाटतं.

मागून हात पोहोचत नाही तिथे पुलर येतो. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर वॉशर किंवा खिळे वेल्ड करायचे आणि ते पकडून पत्रा बाहेर ओढायचा. पूर्वी याच कामासाठी पत्र्याला भोकं पाडत, त्या मानाने हे बरं. पण वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागच्या बाजूचा संरक्षक थर जळतो, आणि तो कुणाला दिसत नाही. बाहेरून काम सुंदर, आतून गंजाला दार उघडं. रत्नागिरी, मालवण, पणजी, मुंबई अशा खाऱ्या हवेच्या पट्ट्यात याची किंमत लवकर मोजावी लागते. काम झाल्यावर दाराच्या आतून गंजरोधक मेणाचा फवारा मारून घ्यावा. तो खर्च किरकोळ आहे. तरी मागितल्याशिवाय क्वचितच कुणी करतं.

या सगळ्यात ज्याचा विचार सर्वांत कमी होतो तो म्हणजे कारखान्यातला रंग. नव्या गाडीचा सांगाडा आधी विजेच्या साहाय्याने रंगाच्या टाकीत बुडवला जातो, त्यामुळे खाचाखोचांत पहिला थर पोहोचतो. त्यावर प्राइमर, त्यावर रंगाचा पातळ थर, सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या भागाएवढे. हे थर रिकाम्या सांगाड्यावर चढतात, म्हणून भट्टी १४० ते १८० अंशांपर्यंत तापवता येते. पूर्ण तयार झालेल्या गाडीत वायरी असतात, प्लास्टिक असतं, रबर असतं, इंधन असतं. तिला एवढं तापवता येत नाही. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपातली रंगाची भट्टीसुद्धा साधारण ६० अंशांवर चालते आणि तिथे वापरलेला रंग वेगळ्या रसायनाचा असतो. चांगला पीयू (पॉलियुरेथेन) रंग उत्तम दिसतो, टिकतोही. तरी तो कारखान्यातला रंग नव्हे, आणि एकदा खरवडलेला कारखान्यातला रंग कितीही पैसे मोजले तरी परत मिळत नाही.

शेड जुळवणं हे आणखी वेगळं प्रकरण. साधा पांढरा सोपा. चंदेरी आणि इतर मेटॅलिक रंगांत ॲल्युमिनियमचे कण असतात. ते कोणत्या कोनात बसले यावर उजळ-गडदपणा ठरतो, आणि कोन ठरतो बंदुकीचा दाब, अंतर, थिनर आणि हवामान यांवर. कोड तोच, डबा तोच, तरी दार फेंडरपेक्षा वेगळं दिसतं. म्हणून जाणकार पेंटर नवा रंग शेजारच्या भागावर विरळ करत नेतो. याचा अर्थ एका दाराच्या पोच्यासाठी दोन भागांचा मूळ क्लिअर कोट घासला जातो. मोत्यासारखी झाक असलेल्या तीन थरांच्या पांढऱ्याला तर हे टाळताच येत नाही.

इथे पेंटलेस डेंट रिपेअर, धंद्यातल्या भाषेत पीडीआर, येतं. रंगाला हात न लावता पोचा काढायचा. दाराची काच खाली करून, दिव्याची जागा मोकळी करून किंवा आतलं पॅनल उतरवून लांब पोलादी सळया पत्र्यामागे नेतात आणि पोच्याला आतून कणाकणाने वर रेटतात. मधूनमधून वरून प्लास्टिकच्या टोकाने उंचवटा खाली बसवतात. काम करणारा पत्र्याकडे पाहत नाही. पत्र्यात पडलेल्या दिव्याच्या पट्ट्यांच्या प्रतिबिंबाकडे पाहतो. पट्टी जिथे वाकते तिथे अजून खड्डा आहे. मागून वाट नसेल तर गरम गोंदाने प्लास्टिकची बटणं चिकटवून बाहेरून ओढतात आणि नंतर अल्कोहोल सोडून गोंद सुटा करतात. थंडीत रंग तडकू नये म्हणून गरम हवेने जागा कोमट ठेवतात. हे सगळं शिकायला महिने लागतात, हात बसायला वर्षं.

१९६० साली न्यू यॉर्कच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजच्या ऑस्कर फ्लाइग या कर्मचाऱ्याने लोकांच्या हाताळण्याने पडणारे पोचे असे आतून दाबून काढले आणि तिथून हे तंत्र पसरलं, अशी कथा या धंद्यात सांगतात. पत्रे बनवणाऱ्या कारखान्यांत आणि चांगल्या डेंटरांकडे अशा क्लृप्त्या आधीही असणारच. तंत्राला धंदा मिळवून दिला तो गारांनी. १२ जुलै १९८४ रोजी म्युनिकवर झालेल्या गारपिटीत सुमारे दोन लाख मोटारींना मार बसला. एका छतावर शंभर-दीडशे बारीक पोचे, रंग मात्र शाबूत. अशा छतावर पुट्टी भरत बसणं किंवा छत कापून नवं बसवणं विमा कंपन्यांना परवडणारं नव्हतं. युरोप-अमेरिकेत आज गारपिटीच्या हंगामाबरोबर गावोगाव फिरणारे पीडीआर कारागीर आहेत. आपल्याकडे गारपीट म्हटलं की द्राक्षं, गहू आणि कांदा आठवतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची मराठवाडा-विदर्भातली गारपीट शेतकरी विसरलेला नाही. मोटारींचं नुकसान त्यापुढे कुणी मोजलं नाही, आणि ते योग्यच होतं. पण त्यामुळे या कौशल्याला इथे एकदम मागणी आली नाही, ते मोठ्या शहरांपुरतं राहिलं, असा माझा तर्क आहे.

पीडीआरच्या मर्यादा स्पष्ट आहेत. रंगाला चीर गेली असेल तर ते निरुपयोगी. दाराच्या कडेला पत्रा दुमडून दुहेरी केलेला असतो, तिथे सळई चालत नाही. धारदार वस्तूने उठलेली खोल रेघ पूर्ण जात नाही. आधी पुट्टी भरून रंगवलेल्या भागावर गोंद लावून ओढलं तर रंगाचा पापुद्राच हातात येतो. म्हणून जुनं काम लपवू नये, कारागिराला सांगून टाकावं. ॲल्युमिनियम आणखी हट्टी. पोलादाच्या एक तृतीयांश ताठरपणा, परत येण्याची ओढ कमी, आणि पुन्हा पुन्हा वाकवलं तर तडा. शिवाय पोलादावर वापरलेली अवजारं त्यावर वापरली तर लोखंडाचे कण रुतून गंज धरतो, म्हणून अवजारांचा संच वेगळा ठेवावा लागतो. २०१५ च्या मॉडेलपासून फोर्डने अमेरिकेत एफ-१५० या ट्रकचं अंग ॲल्युमिनियमचं केलं, तेव्हा तिथल्या दुरुस्ती केंद्रांना प्रशिक्षणापासून तयारी करावी लागली. आपल्याकडे हा प्रश्न सध्या मुख्यतः महागड्या गाड्यांपुरता आहे.

पोच्याची कटकट नको म्हणून पत्राच टाकून देण्याचे प्रयोगही झाले. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीचं अंग फायबरचं होतं; बेंगळुरूच्या रेवा या विजेच्या गाडीला प्लास्टिकची पॅनलं होती. दोन्ही गाड्या इतर कारणांनी मागे पडल्या. बंपर मात्र सगळ्यांचेच प्लास्टिकचे झाले.

उकळत्या पाण्याचा सुप्रसिद्ध उपाय कामी येतो तो या बंपरमुळेच. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, तापला की मऊ होतो आणि मूळ आकाराकडे झुकतो. पाणी ओतायचं, मागून हाताने रेटायचं, गार पाणी मारायचं. हे घरी करायला हरकत नाही, हात भाजणार नाही एवढं पाहावं. हाच उपाय पोलादी दारावर करणाऱ्यांनी एक हिशेब पाहावा: पत्रा ६० अंशांनी तापला तर दहा सेंटिमीटर लांबीत तो फार तर ०.०७ मिलिमीटर वाढतो. एवढ्याने कायमचा वाकलेला पत्रा सरळ होत नाही. हेअर ड्रायर आणि कोरड्या बर्फाचंही तेच. त्यातून रंगाला मात्र तडा जाऊ शकतो. रबरी चूषक, ज्याने काच उचलतात तो, एकाच प्रकारच्या पोच्यावर चालतो: पसरट, उथळ, कडेला घडी न पडलेला. तो एका ओढीत 'टप्' करून बाहेर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत आला नाही तर थांबावं.

काही नव्या गाड्यांच्या बंपरमागे रडार बसवलेलं असतं. पुट्टीचा जाड थर किंवा धातुकणांचा रंग त्या रडारच्या लहरींना अडथळा करतो, म्हणून अनेक उत्पादक त्या भागात पुट्टीला मनाई करतात. आपल्या नाक्यावरच्या गॅरेजात हे अजून पोहोचलेलं नाही.

विम्याचा मुद्दा सविस्तर मांडायला हवा, कारण "विमा आहे ना, मग करून घ्या" हा सल्ला सर्रास दिला जातो. सलग पाच वर्षं दावा न करणाऱ्याला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. एक दावा केला की ती शून्यावर येते आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५, ५० अशी चढावी लागते. समजा सुटीपूर्वीचा हप्ता १२,००० रुपये आहे. ५० टक्के सुटीने तुम्ही ६,००० भरत होता. दाव्यानंतर क्रमाने १२,०००, ९,६००, ९,०००, ७,८००, ६,६०० भराल. जादा गेलेली रक्कम १५,००० रुपये, म्हणजे मूळ वार्षिक हप्त्याच्या सव्वापट. गाडीची विमा-किंमत दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, पण चित्र बदलत नाही. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात. घसारा न कापणारं 'झिरो डेप' कवच नसेल तर रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा आणि प्लास्टिकच्या भागांवरही तितकाच. सूट टिकवणारं वेगळं कवच घेतलं नसेल तर एका दाराच्या पोच्यासाठी दावा करणं हा जवळजवळ नेहमीच तोट्याचा व्यवहार आहे. चार-पाच भाग एकदम खराब झाले असतील तरच गणित उलटतं.

जुनी गाडी विकतानाही मूळ रंगाला भाव येतो. खरेदीदार आता रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र घेऊन येतात. मूळ रंग असेल तिथे शंभर-दीडशे मायक्रॉन दिसतात, पुन्हा रंगवलेल्या ठिकाणी दोनशे-तीनशे, पुट्टी असेल तर पाचशेच्या वर कितीही. बारीक पोचा असलेलं मूळ दार आणि गुळगुळीत पण चारशे मायक्रॉनचं दार यांत अनुभवी गिऱ्हाईक पहिल्याला पसंती देतं, कारण दुसऱ्यामागे काय घडलं हे त्याला कळत नाही.

स्वस्त डेंटिंग-पेंटिंगची एक किंमत गिऱ्हाइकाच्या बिलात येतच नाही. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. कामामुळे जडणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत त्यांची गणना होते. त्यासाठी ताज्या हवेचा पुरवठा करणारा मुखवटा लागतो. आपल्या रस्त्याकडेच्या गॅरेजात पेंटर तोंडाला रुमाल बांधून बंदूक चालवतो. आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअर आणि ऑटो बॉडी पेंटिंग असे एकेक वर्षाचे दोन अभ्यासक्रम आहेत, वर्ल्डस्किल्स स्पर्धेत या दोन्ही कौशल्यांचे स्वतंत्र गट आहेत, तरी प्रत्यक्षात हा धंदा अजून उस्तादाच्या हाताखाली शागीर्द राहूनच शिकला जातो. त्यात हात तयार होतो. फुप्फुसांची काळजी घ्यायला कुणी शिकवत नाही.

तेव्हा पोचा पडलाच तर आधी नख फिरवून पाहा. रंग फुटलेला नसेल तर घाई करू नका. गंज धरणार नाही, गाडी वर्षभर तशीच चालवता येईल. सलत असेल तर पीडीआर करणारा शोधा आणि तो "नव्वद टक्के निघेल" म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवा, "शंभर टक्के" म्हणणाऱ्यावर जरा कमी. रंग फुटून पत्रा उघडा पडला असेल तर मात्र पावसाळ्याआधी काम उरका. गॅरेजात गाडी टाकताना दोनच गोष्टी सांगा: पत्रा सरळ झाल्यावर, पुट्टी भरण्याआधी, मला दाखवायला बोलवा, आणि पुट्टी कोरडी घासा. जो डेंटर उघडा पत्रा दाखवायला तयार असतो, त्याला चार पैसे जास्त द्या.